अर्ध्या भाताचा वेळ

खैरशेतात घड्याळं घरोघरी आहेत, पण पावसाळ्यात वेळ विचारायची ती सोनुबाईला. नेरळहून आत आलं की माथेरानच्या डोंगराच्या पायथ्याला हे चाळीस-पन्नास घरांचं गाव. गाव आणि डांबरी सडक यांच्या मधून वहाळ वाहतो, आणि वहाळावर कठडे नसलेला एक बुटका सिमेंटचा साकव आहे. डोंगरावर काळं भरून आलं की ज्याला साकव ओलांडायचा असेल तो आधी सोनुबाईच्या पडवीसमोर थांबायचा. "काकी, येळ हाय का?" सोनुबाई उठायची, मागच्या दारी जाऊन शेताकडे एक नजर टाकायची आणि सांगायची, "दोन भातांचा येळ हाय, जा." किंवा, "एकच भात हाय. जायाचं तर पाय उचल." किंवा, "गप घरी बस."

एक भात म्हणजे आधणात तांदूळ टाकल्यापासून भात उतरेपर्यंतचा वेळ. अर्धा तास धरा. हे माप सोनुबाईच्या सासऱ्याचं. ती लग्न होऊन आली तेव्हा नवरा गजा अंबरनाथच्या कारखान्यात पाळीवर जायचा. शेतात पाय घालायला त्याला सवड नव्हती आणि खरं सांगायचं तर हौसही नव्हती. मग म्हाताऱ्याने सुनेच्या डोक्यावर इरलं चढवलं, हातात कुदळ दिली आणि भर पावसात तिला बांधावर उभं केलं. पहिल्या पावसाळ्यात ती रडली. दुसऱ्यात म्हाताऱ्याच्या चुका काढू लागली.

डोंगराच्या पायथ्यापासून वहाळापर्यंत भाताची बारा खाचरं होती, जिन्याच्या पायऱ्यांसारखी एकाखाली एक. प्रत्येकाला गुडघाभर उंच बांध आणि बांधाला एक तोंड. वरचं खाचर भरलं की तोंडातून पाणी खालच्यात उतरायचं, ते भरलं की त्याच्या खालच्यात. डोंगरावर ढग फुटला तरी त्या पाण्याला बारा घरी पाहुणचार घेत घेत खाली यावं लागे. सोनुबाई बांधावरून फिरायची, खेकड्यांनी पाडलेली भोकं टाचेने चिखल दाबून बुजवायची, कुठलं तोंड दोन ढेकळं टाकून अरुंद करायचं, कुठलं मोकळं करायचं ते बघायची. म्हाताऱ्याने तिला शिकवलं ते एवढंच : सातव्या खाचराचं तोंड वाहू लागलं की साकव बुडायला दोन भातं उरली. दहाव्याचं वाहिलं की एक. आणि बाराव्याचं, म्हणजे सगळ्यात खालच्याचं तोंड वाहिलं की साकवाचं नाव काढायचं नाही.

हे गणित चाळीस वर्षं चुकलं नाही. एकदा पंचायतीच्या निवडणुकीत उभा राहिलेला एक गडी जीप घेऊन आला होता, वर भोंगा, बाजूला फलक. सोनुबाई म्हणाली, गप बसा. तो हसला आणि म्हणाला, आजी, आम्हाला लोकांचा आशीर्वाद आहे. जीप दुसऱ्या दिवशी खालच्या वळणावर सापडली. उमेदवार करंजाच्या झाडावर सापडला, तेवढा आशीर्वाद होता म्हणायचा. त्यानंतर एसटीचे कंडक्टरसुद्धा पलीकडच्या थांब्यावरून हाका मारून विचारायचे, "मावशी काय म्हणते?"

आता ती बारा खाचरं शोधायला गेलात तर एक सापडेल.

आधी वरकस गेली. वरकस म्हणजे डोंगराच्या उताराची जमीन, जिथे नाचणी-वरी व्हायची आणि बाकी रान असायचं. ऐन, किंजळ, खैर. पाऊस पडायचा तो आधी पानांवर, मग पाल्यावर, मग मातीत, आणि उरलेला खाली यायचा. तिथे पोकलेन आलं. महिनाभरात डोंगराची सालं काढली, आडव्या सडका पाडल्या, आणि तासलेल्या उतारावर इंग्रजी नावाची कमान उभी राहिली. ते नाव गावात कुणाला धड उच्चारता येत नाही. सगळे त्याला ‘फेज’ म्हणतात, कारण विकणारे लोक फोनवर सारखं तेच बोलत. फेज वन, फेज टू.

मग खाचरं. ती भाऊबंदांत वाटलेली होती, आणि सगळ्यांना गिऱ्हाईक गाठून देणारा निघाला सोनुबाईचा सख्खा पुतण्या योगेंद्र. आधी स्वतःची पाच दिली, मग उरलेल्यांची सहा. ज्या आज्याने हे बांध घातले त्याचा फोटो योगेंद्रच्या दिवाणखान्यात आहे, हार घातलेला. हार प्लास्टिकचा आहे. डंपरमागून डंपर मुरूम आला, भाताच्या मातीवर पुरुषभर भराव पडला, त्यावर रोलर फिरला, आणि अकरा पायऱ्यांचा एक सपाट ओटा झाला. आता त्यावर बंगले आहेत. त्यांचे मालक वर्षातून आठ-दहा दिवस येतात आणि पाऊस बघायला व्हरांड्यात बसतात.

बारावं खाचर सोनुबाईचं. तिने ते विकलं नाही. लोक त्याला तत्त्व म्हणतात, पण तसं काही नव्हतं. गजा गेल्यावर सातबाऱ्यावर तिचं नाव चढायला तेरा वर्षं लागली होती आणि तो कागद तिला हातातून सोडवेना, एवढंच. लेक निशिगंधा नेरळला फ्लॅटमध्ये राहते. ती म्हणते, आई, दे टाकून आणि ये माझ्याकडे. सोनुबाई एकदा श्रावणात गेली होती. इमारतीच्या पार्किंगमध्ये पोटरीभर पाणी होतं. "हितं काय व्हतं गं पयलं?" तिने विचारलं. लेक म्हणाली, "भातशेतीच होती." सोनुबाई दुसऱ्या दिवशी परत आली.

भराव पडल्यावरच्या पहिल्याच पावसाळ्यात वरचा सगळा मुरूम वाहून तिच्या खाचरात आला. नुकती लावणी झालेली रोपं तांबड्या राड्याखाली गेली. सोनुबाई तशीच चिखलाच्या पायांनी फेजच्या कचेरीत गेली. तिथल्या पांढऱ्या फरशीवर तिची पावलं उठली, आणि ती तिने जाणूनबुजून इकडून तिकडे उठवली. फेजचा मॅनेजर सौमित्र म्हणून शहरातला तरणा माणूस होता. आवाज न चढवता बोलणारा, वाकून नमस्कार करणारा. ती म्हणाली, "तुमचं पाणी माज्या शेतात नको. कुठं बी सोडा, माज्या शेतात नको."

सौमित्रने शब्द पाळला. पुढच्या उन्हाळ्यात त्याने गटार बांधलं. दोन माणसं शेजारी शेजारी उभी राहतील एवढं रुंद, विटांचं, आतून हात फिरवावा असं गुळगुळीत प्लास्टर. फेजच्या सगळ्या सडकांचं, छपरांचं, ओट्याचं पाणी त्यात यायचं, सोनुबाईच्या खाचराच्या कडेकडेने जायचं आणि साकवाच्या वरच्या अंगाला वहाळात पडायचं. काम पुरं झालं तेव्हा तो पेढ्यांचा पुडा घेऊन आला. "आजी, आता आमच्या पाण्याचा एक थेंब तुमच्या शेतात येणार नाही." सोनुबाईने दोन पेढे खाल्ले. एक शेजारच्या ललिताच्या हातावर ठेवला.

त्या पेढ्याचा विचार आला की आजही तिच्या तोंडाला कडवट पाणी सुटतं.

ललिता तिच्या शेजारघरातली, पस्तिशीची, बडबडी. पावसाळ्यात रानातून शेवळं, टाकळा, भारंगी खुडून नेरळच्या बाजारात बसायची. गटार झालं त्याच पावसाळ्यातला एक मंगळवार होता. सकाळी अकराची वेळ. डोंगराचा माथा दिसेनासा झाला होता, गावात मात्र नुसती भुरभुर होती. ललिता डोक्यावर पाटी घेऊन पडवीसमोर थांबली. मागे तिची धाकटी जाऊ हर्षला दुसरी पाटी घेऊन येत होती.

"काकी, येळ हाय का गं?"

सोनुबाई मागच्या दारी गेली. सातवं नव्हतं, दहावं नव्हतं. बारावं होतं. त्यात घोटाभर पाणी होतं आणि तोंड कोरडं होतं. म्हाताऱ्याच्या गणिताने बारावं एवढं रिकामं म्हणजे दहावं अजून वाहिलं नसतं, निदान एक भात तरी हातात आहे.

"हाय. एक भात हाय, जा," ती म्हणाली.

ललिता हसली, पदर खोचला आणि चालू लागली. साकव चाळीस पावलांचा. ती निम्म्यावर होती तेव्हा पाणी आलं. चढत चढत यायची पाण्याची सवय, तसं ते आलं नाही. तांबडं, कमरेएवढं, एकदम. हर्षला काठावर चपलेचा पट्टा लावायला खाली वाकली होती म्हणून वाचली. तिने वर पाहिलं तेव्हा साकवावर कुणी नव्हतं, आणि पाटी गिरक्या घेत चालली होती.

सोनुबाई धावत आली तेव्हा तिने आधी वहाळाकडे पाहिलं आणि मग मान वळवून आपल्या खाचराकडे. तोंड अजून कोरडंच होतं. शेजारून गटार तुडुंब भरून चाललं होतं, आवाजसुद्धा न करता. तेव्हा तिला कळलं. जे पाणी बघून ती वेळ सांगायची ते पाणी तिच्या शेतात यायचंच बंद झालं होतं. आणि ते तिनेच पांढऱ्या फरशीवर पाय आपटून बंद करून घेतलं होतं.

ललिता तिसऱ्या दिवशी सापडली, सहा मैल खाली.

तलाठी पंचनामा करायला आला तो सोनुबाईच्याच पडवीत बसला. गावातल्या चार माणसांनी त्याला आधीच बाजूला घेऊन सांगितलं होतं, म्हातारीचं नाव घालू नका, बिचारीचा काय दोष. त्याने ‘नैसर्गिक आपत्ती’ असं लिहून कागद घडी घालायला घेतला. सोनुबाईने हात धरला.

"माजं नाव लिवा. मी सांगितलं येळ हाय. माज्या सांगण्यावर ती गेली."

तलाठ्याने चहाचा कप खाली ठेवला आणि लिहून घेतलं. शेजारी सौमित्र उभा होता. त्याने मान खाली घालून हळहळ व्यक्त केली. ती खोटी नसावी, पण त्याचा चेहरा जरा सैल पडला हेही सोनुबाईने पाहिलं.

"आता फुडलं लिवा," ती म्हणाली. "बारा खाचरांतून येणारं पाणी ह्यांनी गटारात घातलं. पयलं तीन भातांनी यायचं, आता टोपातलं आधण उकळायच्या आधी येतं. माजं गणित चुकलं नाय, माजं गणित मोडलं. ते लिवा."

"आजी, ते माझ्या अखत्यारीत येत नाही," तलाठी म्हणाला.

सोनुबाई चौथीपर्यंत शिकलेली आहे. तिने कागद मागून घेतला, बोट फिरवत वाचला. ‘सदर मयत ही शेजारी सोनुबाई यांच्या सांगण्यावरून साकव ओलांडत असता’ इथपर्यंत सगळं होतं. गटार हा शब्द कुठे नव्हता. अर्धं खरं लिहायला त्यांची शाई पुरली, उरलेल्या अर्ध्याला पुरली नाही. तिने सही केली नाही. कागद तसाच गेला आणि त्याचं काही अडलंही नाही.

मग फेजने वहाळाच्या काठी एक फलक लावला, ‘सावधान, पुराचा धोका’, मराठीत आणि इंग्रजीत. बैल गेला नि झोपा केला. गावाने पडवीसमोर थांबणं सोडलं. तिला कुणी वाईट बोललं नाही. बोलले असते तर बरं, ती चार शब्द परत करू शकली असती. नुसते खाली बघून जायचे. हर्षला तर तिचं अंगण टाळून लांबच्या वाटेने पाणी भरायला जाऊ लागली. आभाळ भरलं की सवयीने सोनुबाई मागच्या दारी जाऊन उभी राहायची, आणि मग आपल्याला कुणी विचारलेलं नाही हे आठवून आत यायची.

तिने अर्ज केले. चार केले. पहिल्याचं उत्तर आलं की हा विषय दुसऱ्या कार्यालयाचा. दुसऱ्याने तो पहिल्याकडे पाठवला. तिसरा हरवला. चौथ्यावर पाहणी झाली, डिसेंबरात. पुराची पाहणी डिसेंबरात! कडक ऊन, गटारात वाळकी पानं आणि एक झोपलेलं कुत्रं. ऋजुता नावाची इंजिनियर मुलगी आली होती, नीट बोलणारी, हातात टेप घेऊन खरोखर मापं काढणारी. सोनुबाईने तिला बारा खाचरं कुठे होती ते हाताने हवेत दाखवलं. मुलीने ऐकून घेतलं, उतार मोजला आणि म्हणाली, "आजी, गटाराचं काम पाणी लवकरात लवकर बाहेर काढणं. ते हे गटार अगदी व्यवस्थित करतंय. डिझाइनमध्ये चूक नाही."

"भायेर म्हंजे कुठं गं बाय?" सोनुबाईने विचारलं. "तुमचं जे भायेर, तितं आमी ऱ्हातो."

 मुलीने टेप गुंडाळला. अहवालात मात्र तिच्या वरच्या कुणीतरी लिहिलं की गटार मंजूर नकाशाप्रमाणे आहे. मंजूर नकाशात वहाळ एक निळी रेघ होता आणि साकव नव्हताच.

त्या अहवालाचा कागद घेऊन सोनुबाई योगेंद्रकडे गेली. काही झालं तरी पुतण्या. तो नव्या गाडीला पाणी मारत होता.

"काकी, तू कशाला येड्यावानी कचेऱ्या झिजवतीस?" तो म्हणाला. "अर्जदाराचं कोण लिवून घेतं? त्या दिसी फेजवरनं पाइप चोरताना एक पोरगा गावला, त्याचा जबाब चार पानं लिवला पोलिसांनी. काय, कसं, कशासाटी, समदं." तो स्वतःच्याच बोलण्यावर हसला आणि पाण्याची नळी दुसऱ्या चाकाकडे वळवली.

सोनुबाई हसली नाही. ती घरी गेली आणि तिने कुदळीला नवा दांडा बसवून घेतला.

चैत्र-वैशाखात गावाने तिला बाराव्या खाचराचा बांध चढवताना पाहिलं. सत्तरीची बाई, डोक्याला फडकं, एकेक घमेलं माती. गुडघाभर बांध मांडीपर्यंत आला, मग कमरेपर्यंत. बाहेरून दगड रचले, आतून चिखल थापला, टाचेने दाबला. भाताला एवढा बांध कशाला लागतो, लोक म्हणाले. म्हातारीच्या डोक्यावर परिणाम झाला, बिचारी. बिचारी हा शब्द कानावर आला की ती घमेलं जरा जोरात आपटायची. आषाढात तिने नेहमीसारखी लावणी केली. रोपं हिरवीगार उभी राहिली.

ललिताला जाऊन वर्ष भरायला चार दिवस होते. सकाळी दहाला डोंगर गडप झाला. सोनुबाई इरलं घालून, पहार घेऊन गटाराशी गेली आणि फेजच्या खांबावर कॅमेरा आहे त्याच्या बरोबर समोर उभी राहिली. वॉचमन धावत आला. लांबच्या मुलखातून आलेला गरीब माणूस.

"आजी, मत करो. कॅमेरा है."

"म्हनून तर हितं उभी हाय," ती म्हणाली आणि पहिला घाव घातला.

प्लास्टर उडालं. दुसऱ्या-तिसऱ्या घावाला विटेचा कोपरा निघाला. तिच्या तोंडात शिव्या होत्या, त्या इथे लिहिता येणार नाहीत. फेजला होत्या, योगेंद्रला होत्या, डिसेंबरातल्या पाहणीला होत्या, आणि सगळ्यात मोठ्या स्वतःला होत्या, त्या दोन पेढ्यांच्या. वॉचमन दोन पावलं मागे सरला आणि त्याने फोन लावला. वीसेक घावांत तिने दाराएवढी भिंत खिळखिळी केली, आणि तेवढ्यात वरून पाणी आलं. उरलेलं काम पाण्याने केलं. विटा ओंडक्यांसारख्या लोटल्या गेल्या आणि तांबडा लोंढा गटार सोडून तिच्या हिरव्या खाचरात शिरला.

ती बांधावर उभी राहून बघत होती. रोपांचे शेंडे बुडाले. पाणी बांधाला भिडलं, फिरलं, चढलं. एके ठिकाणी खेकड्याच्या भोकातून धार लागली, ती तिने टाचेने बुजवली. पाणी थांबलं होतं. एकाच घरी का होईना, पाहुणचार घेत होतं. काठावर गाव जमलं. कुणी तिला अडवलं नाही आणि कुणी मदतीलाही आलं नाही. बऱ्याच वेळाने बांधाच्या तोंडातून पाणी उसळलं, आणि मग थोड्या वेळाने साकव बुडाला.

पोलिसांची गाडी पलीकडे सडकेवर आली होती, पण साकव पाण्याखाली. त्यांना तीन तास तिकडेच बसावं लागलं. पाणी उतरल्यावर ते आले, तेव्हा सोनुबाई पडवीत ओल्या लुगड्याने बसलेली होती. कुणीतरी अंगणातून येऊन तिच्यासमोर थांबलं. हर्षला होती, हातात टोप. वर्षभरात पहिल्यांदा ती या अंगणात आली होती.

"काकी," ती म्हणाली, "तू पहार घिऊन उभी ऱ्हायलीस तवा मी चूल पेटवून आधण ठेवलं. तुज्या खाचरात पाणी शिरलं तसे तांदूळ टाकले. साकव बुडला तवा टोप उतरवला." तिने झाकण काढलं. भात अर्धा शिजलेला होता. दाणा बोटाने दाबला तर मधे कणी लागत होती.

सोनुबाईने एक दाणा दाबून पाहिला. मग दुसरा. मग ती उठली आणि पोलिसांच्या मागून गेली.

चौकीत सौमित्रची फिर्याद आधीच टेबलावर होती. मालमत्तेचं नुकसान. हवालदार पन्नाशीचा, चष्मा नाकावर घसरलेला. त्याने कागद ओढला आणि पेन झटकलं.

"गटार तुम्ही तोडलं?"

"मी तोडलं. कोण मदतीला नव्हतं. आता कशासाटी ते इचारा."

"विचारतोच आहे, आजी. ते लिहावंच लागतं."

"मंग लिवा," सोनुबाई म्हणाली आणि खुर्चीवर नीट सरसावून बसली. तिने डोंगरापासून सुरुवात केली. वरकस, ऐन-किंजळ, बारा खाचरं, म्हाताऱ्याचं गणित. पोकलेन आणि भराव. स्वतः जाऊन मागितलेलं गटार. पेढे. ललिता. तलाठ्याने न लिहिलेलं अर्धं. डिसेंबरातलं कुत्रं. हवालदार एकदा म्हणाला, थोडक्यात सांगा. ती म्हणाली, थोडक्यात सांगून वरीस गेलं. पहिलं पान भरलं, दुसरं भरलं, तिसऱ्याला त्याने रिफिल बदलली. अधूनमधून तो लिहायचा थांबून नुसता ऐकत होता, आणि मग भानावर येऊन पुन्हा लिहायचा. दाराशी सौमित्र उभा होता. गटार हा शब्द किती वेळा आला ते तो बहुधा मोजत होता.

पाचव्या पानावर हवालदाराने चष्मा काढून पुसला.

"एक सांगा, आजी. हे लिहिण्यासाठी नाही, मला कळावं म्हणून. तुमच्या एका शेताने काय होणार होतं? पूर आला तो आलाच. साकव बुडाला तो बुडालाच. वर तुमच्याच भाताची नासाडी झाली. मिळालं काय?"

"अर्ध्या भाताचा येळ मिळाला."

"म्हणजे?"

"पाव तास."

हवालदार कसनुसा हसला. "पाव तासात काय होतं?"

"साकव वलांडून व्हतो," सोनुबाई म्हणाली. "ललिताला तेवडाच पायजे व्हता. हे बी लिवा, मंग मी सही करते."